पोलो-कॉक्टा: टंचाईतल्या कोलाचं दुसरं आयुष्य

पोलो-कॉक्टा हे पोलंडचं कम्युनिस्ट राजवटीतलं कोला ड्रिंक, १९७० आणि १९८० च्या दशकातलं. त्याच्याबद्दलची मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, ते कुणाची पहिली पसंती नव्हतं. कोका-कोला मिळाला नाही, पेप्सी मिळाली नाही, किंवा खिशाला परवडली नाही, की मग पोलो-कॉक्टा. आणि तरीही ती राजवट जाऊन पस्तीसच्या वर वर्षं झाल्यावर, त्या काळाबद्दल बोलताना पोलिश लोकांच्या तोंडात ज्या वस्तूंची नावं येतात त्यात हे नाव असतं, मध्यंतरी ते पुन्हा बाजारातही आलं. जे पिताना लोक फारसे खूश नव्हते तेच आठवायला इतकं का आवडतं? मला हे प्रकरण नीट मांडावंसं वाटलं कारण सध्या जुने ब्रँड परत आणायची लाट सगळीकडे आहे आणि लोकांना आठवण येते म्हणजे माल खपणारच असं धरून चालतात. पण आठवण येणाऱ्याला तहान लागलेली असतेच असं नाही.

आधी पार्श्वभूमी. डिसेंबर १९७० मध्ये सरकारने खाण्यापिण्याच्या वस्तू महाग केल्या, बाल्टिक किनाऱ्यावरच्या शहरांत कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसं मेली, आणि पक्षाचे प्रमुख गोमुल्का यांना जावं लागलं. त्यांच्या जागी एडवर्ड गियेरेक आले. हे आधीच्यांपेक्षा वेगळे, तरुणपणी फ्रान्स-बेल्जियमच्या खाणीत काम केलेले, पश्चिमेकडचं राहणीमान डोळ्यांनी बघितलेले. त्यांनी ठरवलं की लोकांना शांत ठेवायचं तर दुकानात माल दिसला पाहिजे, आणि त्यासाठी पाश्चात्य बँकांकडून कर्जं काढली आणि पाश्चात्य कंपन्यांची लायसन्स घेतली. छोटी फियाट आली, फ्रेंच बेर्लिए बस आली, क्राकूफमध्ये मार्लबोरो सिगारेट बनायला लागली, आणि १९७२ मध्ये वॉर्सामध्ये, एका बिअरच्या कारखान्यात, कोका-कोला भरायला सुरुवात झाली. मागोमाग पेप्सीही आली. ज्या पेयाला दहा-वीस वर्षांपूर्वी पक्षाची वर्तमानपत्रं अमेरिकन साम्राज्यवादाचं चिन्ह म्हणत होती तेच पेय आता सरकार स्वतः विकत होतं.

म्हणजे पोलंडमध्ये देशी कोला आणि खरा कोला एकाच काळात होते. पुढचं सगळं समजायला हे नीट लक्षात ठेवायला लागेल. आपल्याकडे १९७७ मध्ये कोका-कोला देश सोडून गेला, मग जनता सरकारने मॉडर्न बेकरीवाल्या सरकारी कंपनीकडून डबल सेव्हन काढलं, पार्लेचं थम्स अप आलं, कॅम्पा आलं, आणि शेजारी खरा कोक नसल्यामुळे थम्स अपला स्वतःची चव रुजवायला सोळा वर्षं मिळाली. पोलो-कॉक्टाला अशी मोकळी जागा एक दिवससुद्धा मिळाली नाही. त्याच्या शेजारी, किंवा निदान पुढच्या मोठ्या शहरात, लाल लेबलची बाटली होतीच, आणि प्रत्येक घोटाची तुलना तिच्याशी.

मग खरा कोक असताना दुसरं ड्रिंक कशाला? कारण सरळ आहे. कोकचा अर्क बाहेरून आणायचा, म्हणजे डॉलर लागणार, आणि डॉलर तर १९७५ नंतर दिवसेंदिवस आटत चालले होते. १९८० पर्यंत पोलंडचं पश्चिमेकडचं कर्ज २० अब्ज डॉलरच्या वर गेलं होतं. अशा देशात परदेशी अर्कावर चालणारं पेय गावोगाव पुरवणं शक्यच नव्हतं, ते शोभेला ठेवायचं, मोठ्या शहरात, हॉटेलात, पाहुण्यांपुढे. बाकीच्यांसाठी आपल्याच देशात बनणारं, आपल्याच साखरेचं, सहकारी कारखान्यांत भरता येईल असं काहीतरी हवं होतं. नावही बहुधा तयारच सापडलं. युगोस्लाव्हियात, स्लोव्हेनियात, कॉक्टा नावाचं पेय १९५३ पासून होतं, एमेरिक झेलिंका या रसायनतज्ज्ञाने बनवलेलं, रानगुलाबाच्या फळाच्या अर्काचं आणि कॅफिन नसलेलं, प्लानिकाच्या स्की जंपिंग स्पर्धेत लोकांसमोर आणलेलं. त्या नावाला पुढे पोलो जोडलं की झालं पोलिश.

आता साखर. पोलंड हा बीटच्या साखरेचा मोठा देश, तिथे साखर कमी पडावी हेच मुळात आश्चर्य, पण पडली. जून १९७६ मध्ये सरकारने पुन्हा भाववाढ जाहीर केली, साखरेचा भाव एकदम दुप्पट करायचं ठरलं होतं, आणि २५ जूनला रादोम शहरात आणि वॉर्साजवळच्या उर्सुसमध्ये कामगारांनी काम थांबवलं, रादोममध्ये पक्षाची कचेरी पेटली, मग पोलिसांनी लोकांना भयंकर मारलं. भाववाढ मागे घेतली गेली पण साखर काही दुकानात आली नाही, आणि त्याच ऑगस्टमध्ये साखरेला रेशनचं कुपन लागलं. ते कुपन १९८५ पर्यंत चाललं. आता विचार करा, घरात चहाला साखर मोजून घालायची वेळ आहे आणि बाहेर साखरेच्या पाण्याची बाटली मिळतेय, मग ती गोड बाटली मुलाला किती मोठी वाटत असेल. चव कशी होती यावर आठवणीतले लोक एकमेकांशी वाद घालतात, पण ती कोकच्या बरोबरीची होती असं म्हणणारं फारसं कुणी भेटत नाही. आणि चवीबद्दल एकमत होणारही नाही, कारण अशी पेयं एका मोठ्या प्लांटमध्ये बनत नव्हती, जागोजागचे सहकारी कारखाने भरायचे, पाणी वेगळं, गॅस कमीजास्त, कधी हे नाही कधी ते नाही.

त्या काळात रस्त्यावर काय प्यायला मिळायचं तेही बघायला हवं, त्याशिवाय पोलो-कॉक्टाची जागा कळत नाही. उन्हाळ्यात चौकात चाकांवरचं एक मशीन असायचं, त्यातून गॅसवालं पाणी, हवं तर सिरप घालून, आणि ग्लास सगळ्यांना तोच, मध्ये फक्त पाण्याच्या फवाऱ्याने विसळलेला. लोक त्याला उघड उघड टीबीचं पाणी म्हणायचे आणि तरी रांगेत उभे राहायचे. त्याच्यावरची पायरी म्हणजे ऑरांझाडा, नारिंगी नाहीतर लाल रंगाचं गोड सोडा ड्रिंक, काचेच्या बाटलीत, आणि मुलांसाठी त्याचीच पावडर पाकिटात, जी पाण्यात घालायची पण मुलं बोट ओलं करून तशीच चाटायची. पोलो-कॉक्टा या सगळ्यापेक्षा वर आणि कोकपेक्षा खाली. काळ्या रंगाचं, मोठ्यांच्या ड्रिंकसारखं दिसणारं, नावात परदेशी वास असलेलं. मला वाटतं मुलांच्या मनात ते बसलं ते या मधल्या जागेमुळे, कारण कोक हे कधीतरीचं आणि पावडर रोजची, आणि हे वाढदिवसाचं, सहलीचं, आजीबरोबर स्टेशनवर गाडीची वाट बघतानाचं.

बाटली संपली तरी काम संपत नव्हतं. रिकामी काच परत दिली की पैसे, आणि बुच मुलांच्या खिशात. ही बुचं म्हणजे त्या पिढीचं खेळणं. आतल्या बाजूला कागदावर देशाचा झेंडा काढून चिकटवायचा, कुणी त्यात मेण ओतून वजन वाढवायचं, वाळूत नाहीतर फुटपाथवर खडूने वळणावळणाचा रस्ता काढायचा आणि टिचकीने बुच ढकलत सायकल शर्यत खेळायची. खरी शर्यत म्हणजे पीस रेस, १९४८ पासून समाजवादी देशांतून चालणारी, आणि पोलंडचा रिशार्द शुर्कोव्स्की १९७० ते १९७५ या काळात ती चार वेळा जिंकला होता, त्यामुळे प्रत्येक अंगणात एक शुर्कोव्स्की असायचा. आज पोलिश माणूस गोड पेयांच्या आठवणी सांगायला लागला की गोष्ट बाटलीवरून बुचावर आणि बुचावरून अंगणातल्या मित्रांवर जाते. चव मागे पडते, आणि चालतं ते.

१९८० चं दशक आणखी कठीण. सॉलिडॅरिटी ही कामगारांची संघटना उभी राहिली, १३ डिसेंबर १९८१ ला तेव्हाचे सत्ताधारी जनरल यारुझेल्स्कींनी मार्शल लॉ लावला, मांस, लोणी, पीठ, चॉकलेट, साबण, पेट्रोल सगळ्याला कुपन. दुकानात चॉकलेटच्या ऐवजी 'चॉकलेटसारखा पदार्थ' मिळायचा, पाकिटावर तसंच छापलेलं, कारण कोको आणायला पैसे नव्हते. पाश्चात्य माल बघायचा तर पेवेक्सच्या दुकानात जायचं, जिथे डॉलर नाहीतर डॉलरची कुपनं चालायची, आणि ज्यांच्याकडे परदेशातला नातेवाईक नाही त्यांनी काचेतून बघायचं. म्हणजे खरी वस्तू आणि तिच्यासारखी वस्तू असे दोन देशच होते एका देशात. पोलो-कॉक्टा हा त्या 'सारख्या' देशाचा नागरिक.

आणि इथेच या गोष्टीला वळण मिळालं, आणि ते कुठल्याही कंपनीने दिलं नाही. १९८८ मध्ये युलिउश माखुल्स्की यांचा 'किंगसाइझ' हा सिनेमा लागला. यात बुटक्यांचं एक राज्य आहे, लायब्ररीच्या कार्डांच्या ड्रॉवरमध्ये, नाव शुफ्लांडिया, तिथे एकही बाई नाही आणि सत्ता एका क्रूर अधिकाऱ्याच्या हातात, ती भूमिका येझी श्टूर यांची. बाहेर माणसांचं जग, त्याचं नाव किंगसाइझ. मोजक्या आज्ञाधारक बुटक्यांना औषध मिळतं, ते घेतलं की माणसाएवढं होता येतं, पण तसं राहायचं असेल तर पोलो-कॉक्टा पीत राहायला लागतं, नाही मिळालं की पुन्हा आकसून बुटके.

पोलिश प्रेक्षकाला हे समजावून सांगायची गरजच नव्हती. त्या काळात पासपोर्ट घरात ठेवता येत नव्हता, तो पोलिसांच्या कचेरीत असायचा, परदेशी जायचं तर दर वेळी अर्ज, आणि द्यायचा की नाही हे साहेबाच्या मर्जीवर. मोठं होण्याची परवानगी देणारं आणि ती कधीही काढून घेऊ शकणारं सरकार म्हणजे काय हे लोक रोज जगत होते. आणि माखुल्स्कींनी त्या परवानगीचं द्रव्य म्हणून कुठलं खास जादूचं नाव नाही बनवलं, किराणा दुकानातलं सगळ्यात साधं काळं ड्रिंक उचललं. मला हा निर्णय फार थोर वाटतो. ज्या बाटलीला लोक 'कोक नाही म्हणून' घेत होते तीच बाटली पडद्यावर जिवापेक्षा महत्त्वाची झाली, तिच्यासाठी धावाधाव, तिच्यासाठी मारामारी. सिनेमा टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागत राहिला, ज्यांनी ते ड्रिंक कधी प्यायलंच नाही त्या मुलांनाही नाव पाठ झालं. माझं मत असं की पोलो-कॉक्टाची आजची आठवण निम्मी अंगणातली आहे आणि निम्मी या सिनेमातली, आणि दुसरं निम्मं नसतं तर ते त्या काळच्या इतर अनेक पेयांसारखं नावासकट गेलं असतं.

सिनेमा लागला आणि दीडेक वर्षात राजवटच संपली. ४ जून १९८९ च्या निवडणुका, मग १ जानेवारी १९९० पासून आर्थिक सुधारणांची बाल्त्सेरोविच योजना, किमती मोकळ्या, आयात मोकळी, झ्वॉटीचे, म्हणजे पोलिश चलनाचे, डॉलर करून घेता यायला लागले. पेवेक्सच्या काचेमागची वस्तू कोपऱ्यावरच्या टपरीवर आली. कोका-कोला आणि पेप्सीने स्वतःचे कारखाने आणि ट्रक उभे केले. पोलो-कॉक्टाच्या बाजूने उभं राहणारं कुणी नव्हतं, एक मालक नाही, एक कारखाना नाही, जाहिरातीला पैसे नाहीत, आणि ग्राहकाला तर वीस वर्षं ज्याची वाट बघितली ते एकदाचं प्यायचं होतं. ते गेलं आणि त्या वेळी त्याचं कुणाला वाईट वाटल्याचं दिसत नाही. जाणं योग्यच होतं म्हणा, लोकांनी मोकळेपणाने निवड केली.

पुढे २००० नंतरच्या दशकात रादोमच्या झ्बिश्को नावाच्या खासगी कंपनीने पोलो-कॉक्टा पुन्हा आणलं. ज्या शहरात १९७६ मध्ये भाववाढीवरून दंगा झाला, ज्यानंतर साखरेला कुपन लागलं, त्याच शहरातल्या कंपनीने त्या काळाची गोड बाटली परत विकायला घ्यावी, हा योगायोग मला तरी विसरता येत नाही. नाव लोकांना माहीत होतं, हसून हातात घेत होते, पण कोला म्हणून ते काही कोक-पेप्सीच्या रांगेत बसलं नाही. एक गमतीची जुनी वस्तू म्हणून राहिलं.

असं का झालं हे शेजारी बघितलं की कळतं. चेकोस्लोव्हाकियाचं कोफोला १९६० च्या सुमारास बाजारात आलं, ओपावाच्या गालेना या औषध कारखान्यात बनलेलं. कॉफी भाजताना उरणारं कॅफिन वापरायचं कुठे, या प्रश्नातून ते निघालं असं सांगतात. पण त्यांनी कोकची नक्कल करायचा हट्ट धरला नाही, ज्येष्ठमध आणि वनस्पतींचा स्वतःचा अर्क बनवला, साखर कमी, चव काहीशी औषधी. १९८९ नंतर तेही कोसळलं, वर जो तो बाटलीवाला कोफोला म्हणून काहीही विकायला लागला. मग समारास कुटुंब, ग्रीसमधल्या यादवी युद्धातून पळून आलेल्या निर्वासितांपैकी, ज्यांनी क्रनोवमध्ये १९९३ साली सोडा लेमनेडचा कारखाना घेतला होता, त्यांनी मूळ रेसिपी आणि नावाचे हक्क मिळवले, नकला बंद करायला लावल्या आणि एक चव पक्की केली. आज तिथे ते पबमध्ये बिअरसारखं नळातून ओतून मिळतं, आणि ज्यांना जुनी राजवट आठवतही नाही अशी विशी-पंचविशीतली मुलं पितात.

पूर्व जर्मनीचं व्हिटा कोला तसंच, १९५८ चं, लाइपझिगजवळच्या मिल्टिट्झच्या केमिकल कारखान्याचं, लिंबाची झाक असलेलं. १९९० मध्ये गेलं आणि १९९४ मध्ये ठ्युरिंगियात परत आलं, त्या राज्यात तर कोका-कोलाच्याही पुढे गेलं. स्लोव्हेनियाचं कॉक्टा तर कधी पूर्ण बंदच पडलं नाही.

या तिघांकडे असलेलं आणि पोलो-कॉक्टाकडे नसलेलं काय, तर एक ठरलेली चव, जी डोळे मिटून ओळखता येते. रानगुलाब, ज्येष्ठमध, लिंबू. ती चव आठवणाऱ्या माणसाला दुकानातला कोक चालत नाही, त्याला तेच हवं असतं. पोलो-कॉक्टा मुळात कोकची उणीव भरायला होतं, आणि उणीव राहिली नाही की मागे नाव आणि सिनेमा उरतो. झ्बिश्कोची यात चूक काढणं बरोबर नाही. जे मिळालं त्यात त्यांनी केलं, पण गावोगाव वेगळी असलेली चव परत कुठून आणणार, ज्याने वूच शहरात प्यायलं आणि ज्याने ग्दान्स्कमध्ये, दोघांनाही 'हे ते नाही' असंच वाटणार.

यात एक काळजीची बाजूही आहे आणि ती मला मनापासून खुपते. पोलंडमध्ये जुन्या राजवटीच्या वस्तूंची हौस बरीच आहे, वॉर्सामध्ये त्या काळच्या रोजच्या जगण्याचं म्युझियम आहे, छोट्या फियाटमधून टूर होतात, रेट्रो बार निघाले. यात पोलो-कॉक्टाची बाटली टेबलावर ठेवली की फोटो छान येतो, पण त्या फोटोत रादोमचा मार खाल्लेला कामगार नाही, रांगेत पाच तास उभी राहिलेली बाई नाही. काही लोक यावरून म्हणतात की ही सगळी आठवण बंद करा, राजवटीला गोड करून दाखवणं आहे हे. मला ते पटत नाही. माणसाला आपलं बालपण आठवणार, आणि बालपण कुठल्या राजवटीत गेलं हे त्याने निवडलेलं नसतं. बुच टिचकीने ढकलणाऱ्या मुलाचा आनंद खरा होता.

दोन्ही एकत्र धरता येतं हे पोलिश लोकांनी दाखवलंय. त्यांच्या राष्ट्रीय स्मृती संस्थेने, म्हणजे राजवटीच्या गुन्ह्यांचा तपास करणारी तीच संस्था, २०११ मध्ये 'कोलेइका' नावाचा बोर्ड गेम काढला. हातात खरेदीची यादी, पटावर दुकानं, आपली माणसं रांगेत लावायची, आणि कुठल्या दुकानात काय माल येईल ते कळत नाही, कधी येतच नाही. कडेवर मूल असलेली आई पुढे घुसू शकते असं एक कार्ड आहे. नातवंडं खेळतात, चिडतात, आजी हसते आणि मग सांगायला लागते की खरंच असं होतं. हा गेम प्रचंड खपला, दुकानात रांगा लागल्या त्याच्यासाठी, आणि त्यात कुणालाही तो काळ परत हवा असं वाटत नाही.

तेव्हा जुनं पेय परत आणू बघणाऱ्याने, पोलंड असो की दुसरीकडे, आधी हे तपासावं की लोकांना बाटलीतलं आठवतंय की बाटलीभोवतीचं. आपल्याकडे २०२३ मध्ये रिलायन्सने कॅम्पा परत आणलं ते मुख्यतः स्वस्त किमतीवर, वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंड या इमारतींमुळे मुंबईकरांना नाव तर रोज ऐकू येत होतंच पण नुसत्या नावावर त्यांनी भिस्त ठेवली नाही. पोलंडमध्येच दुसरं उदाहरण फ्रुगोचं, १९९६ चं फळांचं ड्रिंक, म्हणजे कुपन-रांगा संपल्यानंतरच्या पिढीचं. ते बंद पडलं होतं, चाहते मागे लागले आणि २०११ मध्ये ते परत आलं, कारण त्यांना ते ड्रिंकच हवं होतं, त्या बाटलीच्या आकारासकट. पोलो-कॉक्टासाठी तशी मागणी कधी उठली नाही. त्याच्यासाठी लोक सिनेमा पुन्हा लावतात.